लोण्याचा कौल

देवावर भार टाकावा, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. खरंच आहे! पण मायबापहो, आपल्या अंगावरचं काम देवाच्या अंगावर ढकलणं — ही भक्ती की पळवाट? सांगा की! मागे खांबाला टेकलेले काका, तुम्ही सांगा... डुलकी लागली वाटतं. असू द्या, देवीआई जागी आहे!

तर वडोशी नावाचं गाव. गाव कसलं — शहरानं हात लांबवला आणि वडोशी महापालिकेत गेली! सरपंच गेला, नगरसेवक आला. गोठे गेले, पार्किंग आलं. चहूबाजूंनी टॉवर, आणि मधोमध उरलं गावाचं खळं. पूर्वी सगळ्या गावाची मळणी तिथं व्हायची. आता ज्वारी पिशवीतून येते, तेव्हा खळ्यावर पोरं खेळतात — गावातली, टॉवरातली, सगळी. महापालिकेच्या नकाशातही तिथं खेळाच्या मैदानाचं आरक्षण.

नगरसेवक होते बाबूशेठ ढमाले. माणूस वाईट नव्हे हो! नळाला पाणी त्यांनीच आणलं. पण रिकामी जागा दिसली, की यांच्या डोळ्यांपुढं शटर वर-खाली व्हायचं! म्हणाले, ‘‘आरक्षण बदलू. खळ्यावर संकुल उठवू, शंभर गाळे!’’

महापालिकेनं सुनावणी ठेवली. ज्याची हरकत असेल त्यानं यावं, बोलावं. आता बाबूशेठ हुशार. म्हणाले, ‘‘कशाला त्या हापिसात खेटे घालता? आपण आईला कौल लावू. आई बोलली की गाव गप्प!’’

आणि गाव खूश! का नाही होणार? रजा नको, रिक्षा नको, साहेबापुढं उभं राहणं नको! परस्पर देवी बघून घेईल! मंडळी, असं आपण कधी केलंय का? नाही ना? हसू नका, हसणारे आधी सापडतात!

आता कौल कसा? देवीच्या शेंदरी अंगाला नुसतं पाणी लावून दोन फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर संकुलाला होकार, डावं पडलं तर नकार. ही सेवा तुकोबा... नव्हे, धोंडिबा गुरवांची! बघा, जिभेला सवय!

या धोंडिबांची सून रेवती. बी.कॉम. झालेली, आणि जिवाला घोर लावून घेणारी. मुलगी मनू, नुकती दुडदुडायला लागलेली. रस्त्यावर सोडावं तर डंपर, घरात ठेवावं तर खिडकीची धास्ती. एक खळं तेवढं असं, की तिथं रेवती मनूचं बोट सोडायची आणि श्वासही सोडायची!

कौलाच्या सकाळी मनू गाभाऱ्यातून आली, ती तोंड पांढरं करून. रेवती दचकली. काय खाल्लंस गं? चुना? विभूती? वास घेतला — लोणी! आणि ती तिथंच थबकली. कौलाच्या ताटात लोणी कधीपासून?

गेली सासऱ्यांकडे. ‘‘मामंजी, ताटात लोणी?’’

‘‘हळू बोल, पोरी!’’

‘‘डाव्या फुलाला? ते पडू नये म्हणून?’’

धोंडिबांनी मान खाली घातली. ‘‘बाबूशेठ एक गाळा देणारेत. मी किती दिवस पुरणार? मनूचंच होईल ते.’’

‘‘मनूला गाळा नको हो, मामंजी. तिला पळायला जागा हवी.’’

‘‘आता शब्द गेला,’’ म्हणाले, आणि आत वळले. सून काय करणार? सासऱ्याला चारचौघांत उघडं पाडायचं? पदर मुठीत धरून उभी राहिली.

कौल लावला! गाव दाटलं, टॉवरवाले आले. ढोल थांबला. आणि बाबूशेठनी काय करावं? विजयाचा व्हिडिओ हवा ना! गाभाऱ्यात दोन भले मोठे हॅलोजन लावले! एप्रिल महिना! अहो लाइटवाले दादा, तुम्ही खुशाल मारा इकडे, आमच्याकडे लोणी नाही!

उजवं फूल पाण्यानं चिकटलेलं, निवांत. डाव्याखालचं लोणी... लागलं की वितळायला! फूल हललं — तिरपं झालं — आणि घरंगळत आईच्या पायाशी, टप्प!

‘‘नको म्हणाली! आईनं खळं राखलं!’’ गुलाल उडाला. बाबूशेठचं तोंड असं, जसं लग्नात जेवण संपल्यावर पोचलेल्या पाव्हण्याचं!

आणि रेवती? जिंकली की हो! गप्प बसायचं, पेढा खायचा, घरी जायचं! पण तिनं पेढा हातातच धरला. आज लोणी आपल्या बाजूनं वितळलं. उद्या कुणी मेण लावलं तर?

ती पुढं झाली. म्हणाली, ‘‘थांबा! हा कौल आईचा नाही. फुलाला लोणी होतं.’’

कुणीतरी ओरडलं, ‘‘खाली बसवा तिला!’’ दुसरा म्हणाला, ‘‘जिंकलेला डाव मोडती काय गं?’’

आणि गाभाऱ्यातून धोंडिबा बाहेर आले. हात पुढं केला. बोटं चकाकत होती! ‘‘सून खरं बोलली,’’ म्हणाले. ‘‘आईच्या तोंडून मी माझं बोलवीत होतो.’’

रेवतीनं त्यांच्या हाताला पदर लावला. मग गावाकडं वळली. ‘‘आई बोलते, पण आपल्या तोंडून बोलते. तिला हापिसात पाठवू नका. सुनावणीला आपण जाऊ.’’

आणि गेले, मंडळी! ज्या आज्या कधी वेस ओलांडून गेल्या नाहीत, त्या टॉवरातल्या बायकांच्या गाडीत बसून गेल्या! साहेबांच्या खुर्च्या पुरेनात. रेवती बोलली, धोंडिबाही बोलले. आरक्षण कायम राहिलं. संकुलाला बसथांब्याजवळची जागा मिळाली, आणि बाबूशेठनी लगेच खळ्यावर फलक लावला — ‘मैदान राखल्याबद्दल आमचं अभिनंदन!’ लावू द्या! पोरांना सावली झाली!

आता संध्याकाळी धोंडिबा खळ्याच्या कडेला बसतात. मनू धावते, पडते, उठते. आणि रेवती? अजून म्हणते, ‘‘हळू गं!’’ — पण बसून म्हणते.

तर मायबापहो, रविवारी आपल्याही प्रभागाची सभा आहे. कोण कोण येणार? हात वर करा! ...चार? आणि प्रसादाला किती थांबणार?

बघा, सगळे वर! ठेवा तसेच. आता नमस्काराला जोडण्याआधी आपापली बोटं एकदा उजेडात धरा. लोणी नसेल, तर रविवारी तोच हात घेऊन या. बोला, आई माउलीचा — उदो!