रेश्माचा कल

सांगलीच्या स्टँडवर तासगावच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारच्या बाकड्यावर बाप आणि दहावीतली लेक, शाळेच्या करिअर मार्गदर्शनाहून निघालेली.

"मॅडमनी आत काय विचारलं गं, रेश्मा?"

"काय करायला आवडतं ते."

"मग?"

"बेदाणा निवडायला, म्हटलं. बाकीच्या पोरी हसल्या. मॅडम न्हाई हसल्या."

"आन् काय म्हणाल्या?"

"वाळल्याचं कसं कळतं, विचारलं. हाताला कळतं म्हटलं. जाळीवरनं ओला उतरवला की मागनं काळा पडतो, ते बी सांगितलं. लय येळ बोलू दिलं मला, आबा."

"बरं."

"ह्याचंच शिक्षण असतंय म्हणाल्या. फूड टेक्नॉलॉजी. बारावी सायन्स करून जायाचं."

"आपल्या शेडात उपेगी पडंल का ते?"

"पडंल की. माल सुधारतो म्हणाल्या."

"बाई हुशार दिसतीया."

"मग घालताय मला सायन्सला?"

"तुला कशाला? साईराज हाय की बारावी सायन्सला. त्याला घालू."

"दादाला बेदाण्यातलं काय कळतंय, आबा?"

"म्हणून तर शिकवायचं. तू समदं ध्यानात ठिव. घरी गेल्यावर त्याला नीट सांग."

"मॅडमनी म्होरल्या महिन्यात मला परत बोलावलंय."

"त्याला धाडू."

गाडी लागली. बाप पिशवी घेऊन उठला. लेक बसूनच राहिली.

"आन् माजं?"

"तुजं बघतोय की. कवठ्याच्या पावण्यांचं बी बेदाण्याचं शेड हाय. निवडायला माणूस कमी पडतंय त्यांना."