कमरेवरचे हात

त्वचेच्या दवाखान्यात औषधांच्या खिडकीपाशी एक रंगारी दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा होता. रांगेत मागे उभ्या असलेल्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलं,

"भांडायला आलात की काय?"

"छे हो बाई! काखेत गळवं आहेत. हात अंगाला लागला की ब्रह्मांड आठवतं."

"मलाही तेच. फळ्याच्या खालच्या अर्ध्यातच लिहिते मी. मागची मुलं उभी राहून वाचतात."

"मला वाटलं, आपणच घाणेरडे. वर्षभर अंग घासघासून आंघोळी केल्या."

"मग?"

"साबणवाल्याचं भलं झालं."

"अहो, हा अस्वच्छपणा नाही. केसांच्या मुळाशी आतून सूज येते. दुसऱ्याला लागतही नाही."

"डॉक्टरीणबाईंनी आत्ता तेच सांगितलं. लोकांना मी बजावतो, आधी भिंतीतली ओल शोधा, मग रंग लावा. आणि स्वतःच्या काखेला नुसती पावडर फासत बसलो!"

"घरचे काय म्हणतात?"

"घरी सांगितलंय कुठे? बायकोला लागू नये म्हणून बाहेरच्या खोलीत झोपतो. तिला वाटतं, मी रुसलोय."

"मग त्या काय करतात?"

"रोज सकाळी माझी उशी उचलते आणि आत तिच्या उशीशेजारी नेऊन ठेवते."