पन्नासपैकी पन्नास

(इंदापूरचं एसटी स्टँड. बारावीची ज्योत्स्ना आणि तिला कॉम्प्युटर सायन्स शिकवणारे अनुप सर.)

ज्योत्स्ना : आन् तुमी गप ऱ्हायला?

सर : तासिकेवरचा मास्तर मी. प्राचार्य उद्यापासून येऊ नका म्हणाले, आलो निघून.

ज्योत्स्ना : लॅबला कुलूप तुमी लावलं हुतं व्हय?

सर : कागदावर लॅब माझ्या ताब्यात होती. किल्ली मात्र प्राचार्यांच्या कपाटात. वापरून मशीनं जुनी दिसायला नकोत म्हणून.

ज्योत्स्ना : लॅब उघडा म्हनून अर्ज दिलं हुतं ना तुमी?

सर : तीन दिले. पोच एकाचीही घेतली नाही.

ज्योत्स्ना : माझ्यामुळंच झालं समदं. बाहेरून आलेले परीक्षक म्हनले, प्रोग्रॅम चालवून दाखव. मला मशीनच चालू करता येईना. म्हनलं, सर, दोन वर्सांत आज पयल्यांदा हात लावतीया.

सर : खरं तेच बोललीस.

ज्योत्स्ना : ह्येबी सांगितलं, की आमचे सर फळ्यावर शिकवत्यात. आमी वहीत प्रोग्रॅम लिहायचा आन् सरांनी एकेक ओळ वाचत कॉम्प्युटर व्हायचं. चुकलं की तितंच थांबायचं, म्होरं जायचंच न्हाय.

सर : हे सांगितलंस त्यांना?

ज्योत्स्ना : व्हय. तर हसायला लागले.

सर : नंतर चहा पिताना प्राचार्यांना म्हणाले, तुमच्या मास्तरानं पोरांना काहीच शिकवलेलं नाही.

ज्योत्स्ना : आसं न्हवतं म्हनलं मी.

सर : माहीत आहे गं.

ज्योत्स्ना : मी संस्थेला पत्र लिहिते. वर्गातल्या समद्यांच्या सह्या घेते.

सर : अजिबात नको. प्रॅक्टिकलचे मार्क त्यांच्या हातात आहेत.

ज्योत्स्ना : बोर्डाला गेले की ते. क्लार्कनं यादी दावली. पन्नासपैकी पन्नास, आख्ख्या वर्गाला.

सर : तुलाही?

ज्योत्स्ना : मलाबी.

सर : मग चांगलंच झालं. पुण्यात कुठंही नंबर लागेल तुझा.

ज्योत्स्ना : लागंल. आन् पयल्या दिवशी त्यांनी मशीनम्होरं बसवलं की?

सर : शेजारच्या मुलीला विचार. लाजू नकोस.

ज्योत्स्ना : तुमी आता कुठं निघाला?

सर : बारामतीला. मित्राचं टीव्ही-फ्रिजचं दुकान आहे. बिलं करायला माणूस हवाय त्याला.

ज्योत्स्ना : तितं कॉम्प्युटर हाय?

सर : आहे. दिवसभर चालू असतो.