गोल खोलीचं दार

माझं माहेर चाकूरकडचं. दगडामातीचं घर, वर माळवद, पावसाळ्याच्या तोंडावर बाप वर चढून माती थोपटायचा आन् तरी बी पाऊस लागला की ताटात टपटप व्हायचंच, आसल्या घरातली मी, आन् लग्न होऊन आले लातूरला ते एकदम टॉकीजात. टॉकीज म्हंजी आमचं घर हो! सिनेमाच्या थेटरावानी दिसायचं म्हणून सगळी गल्ली त्याला टॉकीजच म्हणायची. सासरे माझे सरकारात ओव्हरसियर, हैदराबादेत शिकलेले, तिथं त्यांनी नव्या चालीचे बंगले बघितले आन् डोक्यात घेतलं की बांधीन तर आसंच. ना चौक, ना ओसरी, ना लाकडी खांब. सपाट स्लॅब, लांब छज्जा, व्हरांड्याला सिमेंटची जाळी, आन् रस्त्याच्या कोपऱ्यावर एक गोल खोली, भिंत आशी वळत गेलेली आन् वळणावळणानं खिडक्या. खाली मोझॅक, हिरव्या-तांबड्या खड्यांचं, मधून पितळेच्या पट्ट्या. मी माप ओलांडून आले तर पायाला आसं गार लागलं, मला वाटलं कुणी पाणीच सांडलंय, मी लुगडं वर धरलं तर सगळ्या बाया हसाय लागल्या.

सासरे सांगायचे, पोरी, ह्या खोलीत कपाट ठिवू नको, ही वाऱ्याची खोली हाय. आन् खरंच, उन्हाळ्यात लातूर भाजून निघायचं पण तिथं दुपारी उघड्या फरशीवर पडलं की झोप लागायची. माझी दोन्ही बाळंतपणं त्या खोलीत झाली. त्याच्यामुळं माझा जीव त्या खोलीत, दुसरं काय.

मग भूकंप झाला. त्याचं मी काय सांगू तुम्हाला, सगळ्यांना मालूम हाय. गणपती बुडवून लोक झोपलेले आन् धरणी हालली. आमचं घर हाललं, भांडी पडली, गोल खोलीच्या एका खिडकीवर केसाएवढी चीर गेली, बास. सासरे तोवर वारले होते, पण त्यांचं टॉकीज उभं राह्यलं. आमचे हे मात्र दुसऱ्या दिवशी ट्रकात बसून किल्लारीकडं गेले, लोकांना काढायला. पाच-सहा दिवसांनी आले. काय बघितलं ते आजवर सांगितलं न्हाई, मी बी खोदून विचारलं न्हाई. नखं सगळी फुटलेली होती, मीच हळद भरली. आन् घरात पाय ठिवायला तयार न्हाईत! मी म्हणलं, अहो, तिथं दगडामातीची घरं पडली, आपला स्लॅब उभा हाय की. तर म्हणले, दगड हातानं उचलता येतो, स्लॅब कुणाला उचलंल? आता ह्याला काय बोलावं माणसानं.

तवा समद्या लातूरात अंगणात पत्रे उभे राह्यले होते, आम्ही बी केले. चार महिन्यासाठी, म्हणले. चार महिने! आधी बाजा गेल्या, मग चूल गेली, मग देव गेले, मग कपाट. मागं मोकळं टॉकीज, पुढं आम्ही पत्र्यात. उन्हाळ्यात पत्रा आसा तापायचा की त्यावर पापड भाजावा, आन् पावसात बोललेलं ऐकू येत न्हाई. आन् ह्यांची ती तऱ्हा, उशाला तांब्या पालथा घालायचा आन् त्याच्यावर फुलपात्र ठिवायचं, हाललं की वाजंल म्हणून. वाजायचं तर रोजच! कधी उंदीर, कधी मांजर, कधी माझाच पदर, आन् हे पोरांला बखोट्याला धरून रस्त्यावर. सगळ्या गल्लीनं तांबे घातले होते तसे, न्हाई म्हणत न्हाई, पण वर्षा-दोन वर्षात सगळ्यांनी उचलले. आमचा तांब्या काही उठंना. मी भांडले, रुसले, माहेरी जाऊन बसले, त्यांच्या आत्याला मधी घातलं. एकच म्हणायची मी, एकदा आत चला, एक दुपार झोपा त्या खोलीत. पण कुणाच्या बापाचं ऐकतील तर शपथ.

तेवढ्यात लातूरात ते डॉक्टर-इंजिनेराच्या क्लासचं वारं आलं. कुठून कुठून लेकरं यायली, नांदेडची, बिलोलीची, पार इस्लापूरची, हाती डबा, पाठीवर दप्तर, आन् ज्याच्या घरात एक कोनाडा मोकळा त्यानं बी खोलीची पाटी लावली. आमच्या ह्यांच्या भावानं कान भरले, दादा, एवढं घर मोकळं कामून ठिवलंय? झालं. जाळी विटांनी बुजवली, तिथं एक खोली. व्हरांड्याला प्लायवुड, तिथं एक खोली. गोल खोलीत, देवा रे देवा, गोल खोलीत एका कोपऱ्याला संडास-बाथरूम केलं! गोल खोलीला कोपरा नसतो तर ह्यांनी तो तयार केला. आन् मोझॅक जुनं दिसतंय म्हणून वरून पांढरी टाइल. मी आडवी पडले तर दीर म्हणले, वहिनी, तुम्हाला काय कळतंय, पोरं आता टाइल मागतात. तर आसं, दुसऱ्याची लेकरं आत आन् घराचे मालक पत्र्यात. गंमत बघा, स्वतःला भ्या वाटतंय त्या स्लॅबचं, दुसऱ्याची लेकरं निजवायला काही न्हाई. हे मी तोंडावर बोलले हो त्यांना, लपवून न्हाई.

आशी किती वर्षं गेली. मग एकदा एक माणूस आला बिलोलीकडचा, शेतकरी, पटका बांधलेला, लेकीला खोली बघायला. खोली बघितली, पाणी बघितलं, सगळं पसंत. जाताना सहज इचारलं, मालक, तुमी हितं पत्र्यात का म्हणून राहता? आमचे हे खरं बोलणारे, तीच तर पंचाईत. म्हणले, भूकंपापासून मी स्लॅबखाली निजत न्हाई. त्या माणसानं एकदा घराकडं बघितलं, एकदा ह्यांच्याकडं. मग म्हणला, मग माझ्या लेकीनं निजावं का? आन् पोरीचा हात धरून चालता झाला. आवाज बी चढवला न्हाई. हे त्या दिवशी जेवले न्हाईत. परीक्षा झाल्या, पोरं गावी गेली, आन् ह्यांनी पाटी काढली. म्हणले, बास आता.

मी म्हणलं, आता माझी पाळी. घर होतं तसं करायचं. नात्यागोत्यातलं एकेक माणूस येऊन शहाणपण शिकवून गेलं, पाडा की, मजले चढवा, हॉस्टेल करा, आजकाल कोण आसलं ठिवतंय. पुण्याचा पोरगा फोनवर म्हणतो, आई, आसल्या घरांची आता फॅशन आली, लोक मुद्दाम करून घेतात. म्हणलं, ये मग, बादल्या उचलू लाग. आला न्हाई.

चाँदभाई मिस्त्री धरला. माणूस देवासारखा, पण काम हातात घेतलं की एक दिवस येणार आन् आठ दिवस गायब. आज काय, तर भाच्याचा निकाह. उद्या काय, तर मशीन बिघडली. मावशी, उद्या पक्का. ह्याचा उद्या काही उजाडत न्हाई. टाइल काढली तर माझं काळीजच फाटलं. खालच्या मोझॅकवर छिन्नीनं टाचे मारलेले, टाइलचा माल धरावा म्हणून, सगळी फरशी देवी आल्यावानी. मी तिथंच बसून रडले. चाँदभाई म्हणला, मावशी, भरू, पण हिरवा खडा आता मिळत न्हाई. मग त्या खड्यापायी नांदेडच्या किती चकरा, शेवटी तिथल्या एका पाडलेल्या घराची फरशी पोत्यात भरून आणली, आन् मी स्वतः हातोडीनं खडे फोडले. पॉलिशची मशीन लागली तर राखाडी राडा उंबऱ्यावरून पार तुळशीपर्यंत. आशानं वर्षं गेली. एक भिंत फोडली की हुरूप संपायचा, मग पुन्हा दिवाळीला सुरू.

जाळी मोकळी झाली, संडास गेला, खिडक्यांना जुन्यासारखी तावदानं बसली. हे सगळं हे लांबून बघायचे, पत्र्यातून. मग एक दिवस आपणहून आले, उंबऱ्याच्या बाहेर थांबले आन् म्हणले, मी येतो आत. पण एका खिडकीचं दार कर. मी म्हणलं, काय? म्हणले, थेट अंगणात उघडणारं, पळायला. ज्या खिडकीवर चीर होती तीच दाखवली. आता सासऱ्यांनी इतकी जुळवून केलेली ती खिडकी, माझं डोकंच फिरलं, म्हणलं एवढं सगळं जुन्यासारखं करून शेवटी भगदाडच पाडायचं का? आन् तोंडाकडं बघितलं त्यांच्या. म्हातारे झाले हो. मी चाँदभाईला म्हणलं, पाड बाबा खिडकी, लाव दार.

दार लागलं तशी हे आले. दुपारचंच आले. सतरंजी न्हाई, उशी न्हाई, नुसता तांब्या आन् फुलपात्र घेऊन. पालथा घातला, वर फुलपात्र ठिवलं आन् फरशीवर आडवे झाले. मी पलीकडं पडले. वारा यायला लागला, तसाच, पहिल्यासारखा. माझा डोळा लागला.

आन् खण्णदिशी फुलपात्र पडलं!

मला कळलंच न्हाई बघा. डोळं उघडलं तर मी अंगणात उभी, अनवाणी, पदर खाली. त्याच दारातून पळाले, जे नको म्हणून भांडले होते. मागं वळून बघितलं तर मांजर निवांत जाळीतून चाललेलं, आन् आमचे हे? ह्या कुशीवरून त्या कुशीवर झाले. म्हणले, मांजर आसंल गं, झोप. आन् घोरायला लागले!

तीस वर्षं मला पत्र्यात भाजून काढलं ह्या माणसानं, आन् आता घोरायलाय. रोज दुपारी तिथंच आसतात. ते पत्रे अजून काढायचे राह्यले, चाँदभाई म्हणतो, उद्या. घोरू द्या बिचाऱ्यांला, सुखानं घोरू द्या. मीच आता त्या दाराशी निजते.