तीस डाळिंबं, तीन-तीनच्या ओळी

इराणातल्या सावे शहरात, एका रोटीभट्टीपुढे फरंगीसखानम रोटीच्या रांगेत उभ्या होत्या. त्यांच्या पुढे विद्यापीठात गणित शिकवणारे बहीणभाऊ भांडत होते, आणि खानमचे कान तिकडेच लागले होते.

“ताई, बाबांची डाळिंबाची रोपं अशी लावायचं तुझ्याच डोक्यातून निघालं.”

“मी फक्त रोपांना एक ते तीस आकडे दिले, शाहरोख. ज्या तिघांची बेरीज तिसाच्या पाढ्यात बसते, ती एका सरळ ओळीत. सगळी रोपं ज्या वाकड्या रेषेवर बसवली, ती तुझी!”

“त्या रेषेशिवाय तुझ्या बेरजा काय हवेत लावणार होतीस?”

“आणि बेरजांशिवाय तुझी भूमिती म्हणजे नुसतं नागमोडी कुंपण.”

“जन्मात पहिल्यांदा आपलं एकमत झालं, आणि बाबांनी घराबाहेर काढलं.”

“काढतील नाहीतर काय? मशहदच्या यात्रेहून दमून आले, बघतात तर बाग साप चालून गेल्यासारखी. पाण्याचा पाट कसा काढू, म्हणाले.”

“गरम रोटीनं राग उतरेल?”

“तुझ्या हातानं दिलीस तर नाही.”

तेवढ्यात फोन वाजला.

“बाबांचा! ताई, तू घे.”

“मी नाही. तूच घे.”

“हो बाबा... सुतळी? कशाला?... बरं, बरं. ताई, ते सकाळपासून बागेत सुतळी ताणत फिरताहेत. जेवायलाही आत गेले नाहीत, आई वैतागलीय. तीन-तीन रोपांच्या एकशे पस्तीस ओळी सापडल्या म्हणतात.”

“एकशे छत्तीस आहेत. एक राहिलीय म्हणावं. आणि कुठली ते अजिबात सांगू नकोस.”