हिरवा चक्का

भाकरीसंगं खावा, मानसिंगराव, भाकरीसंगं — चमचा कशाला शोधताय? साहेबलोक बिस्किटाला लावून खायचे, त्यांना कुठली भाकरी. आमच्या घरात ह्यो भाकरीसंगंच खात्यात. घ्या आणिक. लाजायचं कारण न्हाई. अंजना गेली म्हणून काय जावईपण जात न्हाई — वरीस व्हत आलं, पण ह्या उंबऱ्याला तुमी जावईच. जेवण हुं द्या, मंग शब्द देतो. तुमचा चुलता तात्याबा मागल्या बाजारी येऊन समदं बोलून गेला — थोरली गेली, आता धाकटी सुमल द्या, सोयरीक तुटायची न्हाई, बेबीला आई मिळंल. खोटं न्हाई त्यात. आमच्यात तसंच करत्यात. बायकू गेली तर मेव्हणी करून घ्यायची, परक्या घरची सावत्र आई लेकराच्या वाट्याला येऊ द्यायची न्हाई. मी तात्याबाला म्हणलं, पावण्याला पाठवून द्या, माझ्या हातचं जेवू घालतो आन् त्याच्याच म्होरं सांगतो. त्यो बगा, फळीवर नारळ ठेवलाय. सुमलच्या आईनं आष्ट्यासनं पातळ आणलंय. बेबी तर सुमलला आईच म्हणती. अंजना गेली तवा रांगत हुती, तिला काय ठावं कोण गेलं आन् कोण ऱ्हायलं.

सुमल, भाकरी आण गं. गरम आण. — ऱ्हाऊ द्या, ती वर बघायची न्हाई तुमच्याकडं. लाजती. न्हाईतर भीत असंल. मला काय कळत न्हाई पोरींचं. मी म्हणलं, देणार हाय तुला. बेबीला कडंवर घेऊन परड्यात गेली. न्हाई म्हणली न्हाई, म्हंजे व्हयच की.

हिरवा चक्का आवडतो न्हवं तुमास्नी? माहीत हाय मला. म्हणून तर केला. ह्यो मी फौजेत शिकलो. भरती झालो तवा वाटलं बंदूक देतील — दिला झारा. हापिसर मेसमधी बावीस वर्सं काढली, एकाहत्तरची लढाई झाली आन् पेन्शनीत आलो. माझी शाळा दुसरीपातूर. पण मेसमधी पार्टी असली की कर्नलसाहेब म्हणायचे, नाथाजी, ग्रीन डिप. दुसरं कुणी केलेलं चालायचं न्हाई त्यास्नी. सुट्टीवर आलो की घरात करायचो, अंजना शेजारी बसून बघायची. एवढीशी हुती. एकदा बघितलं की हात बसायचा तिचा. तुमच्या घरी आली आन् तुमचं साहेबलोक बोटं चाटाय लागलं — कारखान्याच्या क्वार्टरात पार्टी असली की मानसिंगरावांच्या घरीच, व्हय का न्हाई? शेतकी हापिसर झालासा, वर चढलासा, त्यात तिच्या हाताचा बी वाटा हाय. हाय म्हणा की. म्हणायला काय जातंय.

कसा करायचा ते तिनं कवा सांगितलं न्हाई तुमास्नी? — व्हय, तुमी सैपाकघरात कशाला जाताय. आयका मंग. ह्याची समदी करामत आदल्या दिशी. दिवस मावळायच्या आत पालक खुडायचा, दांडं काढून टाकायचं, निस्तं पान. आदण आलं की बुडवायचं, रंग फिरला की बाहीर, आन् लगीच गार पाण्यात. शिजवायचं न्हाई. शिजवलं की काळं पडतंय. मंग पिळायचं — हात दुखूस्तवर पिळायचं — आन् फडक्यात बांधून खुटीला टांगायचं. शेजारच्या खुटीला दह्याचं फडकं. रातभर दोन्हींचं पाणी गळू द्यायचं. घाई केली आन् वल्ला पाला चक्क्यात घातला, की पार्टीत बशीभर हिरवं पाणी सुटतंय, माणूस हात लावत न्हाई. सकाळी पाला बारीक चिरायचा, चक्क्यात घालायचा, घट्ट साय, ठेचलेला लसूण, मिरं. मीठ पार शेवटाला. आन् गाडग्यात भरायचं, पितळंत न्हाई, पितळंत कळाकतंय. गाडगं वल्ल्या वाळूत ठेवायचं, संध्याकाळपातूर गारच्या गार. पार्टीच्या दिशी त्याला इस्तू दाखवायचा न्हाई. पयली गोष्ट मी तिला तीच शिकवली — पार्टीच्या दिशी चूल बी न्हाई, स्टो बी न्हाई. गरम पाला चक्क्यात पडला की चक्का फुटतोय, मंग कुत्र्याला घालायचा.

म्हणून तर राग येतोय मला तिचा.

बोलायचं नव्हतं. आजच्या दिशी तर बोलायचंच नव्हतं. पण निघालं तोंडातनं. वरीसभर मनात हाय — सुमलच्या आईला बी सांगितलं न्हाई. लोकं म्हणत्यात नाथाजी कठीण माणूस, पोरगी जळून मेली पण डोळ्याला पाणी न्हाई. पाणी कुठनं येणार? मला राग आलता. मिरजेला दवाखान्याच्या पायरीवर तुमी फौजदाराला सांगत हुता, मी शेजारीच हुबा हुतो — साहेबांची पार्टी हुती, पार्टीसाठी पालक उकडायला तिनं स्टो पेटवला, भडका उडाला, पदर पेटला. मी आयकलं, आन् माझ्या मनात पयलं काय आलं सांगू? की अगं, शिकवलं हुतं न्हवं तुला. आदल्या दिशी करायचं शिकवलं हुतं. पार्टीच्या दिशी का पेटवलास? आळस केलास, ऐन वक्ताला करायला गेलीस, आन् मेलीस. आत ती जळकी पोरगी पडल्याली, केळीच्या पानावर घातल्याली, आन् बाप बाहीर हुबा ऱ्हाऊन तिच्यावर रागावतोय. असला मी. वरीसभर रागावतोय. शिकवलं तसं केलं असतं तर आज हितं बसून तुमास्नी वाढत असती.

जाऊ द्या. तुमी का थांबलासा? घ्या की. आणिक घालतो, बशी म्होरं करा —

काय म्हणालासा?

न्हाई, बरं म्हणालासा, बरं म्हणालासा. तिच्यासारखाच झालाय. बापाला बरं वाटलं. त्या दिवशीबी अस्साच झाला हुता म्हणताय? कुठल्या दिवशी? — शेवटच्या. शेवटच्या पार्टीत, ती जळाली त्याच दिशी. मोठ्या साहेबांनी दोनदा मागून घेतला. असं म्हणाले साहेब, वहिनींच्या हाताला चव हाय. हं. दोनदा घेतला. म्हंजे घट्ट हुता? पाणी सुटलं नव्हतं? — नव्हतं. गार हुता? — गार.

थांबा.

घास ठेवू नका, खावा, खावा. मी निस्तं इचारतोय. मला नीट समजू द्या, माझी शाळा दुसरीपातूर, मला येळ लागतो. साहेब आले, बसले, त्यांनी खाल्ला. दोनदा घेतला. म्हंजे तिनं त्यो केला हुता. आदल्या दिशी केला हुता, शिकवला तसा, खुटीला टांगून. तिनं घाई केली न्हाई. आळस केला न्हाई. मंग मानसिंगराव, पार्टीसाठी पालक उकडायला तिनं स्टो कवा पेटवला? साहेबांनी खायच्या आधी? आधी जळाली असती तर साहेब जेवले असते? बसून दोनदा मागून घेतला असता? — मंग नंतर. साहेब गेल्यावर. साहेब गेल्यावर पालक कुणासाठी उकडत हुती ती?

संपला म्हणून आणिक करायला घेतला? न्हाई. चक्का टांगायला रात लागती, पावण्यासाठी ऐन वक्ताला हुत न्हाई त्यो, ते तर मी आत्ताच सांगितलं तुमास्नी. — चा? चा ठेवत हुती? मंग फौजदाराला चा का न्हाई सांगितलासा? चा म्हणला असतासा तर मी आयुष्यभर मानलं असतं. तुमी पालक म्हणालासा. हिरवा चक्का म्हंजे पालक, पालक म्हंजे उकडायचा, उकडायचा म्हंजे स्टो — एवढंच ठावं तुमास्नी. सैपाकघरात कवा पाय ठेवला असता तर दुसरं काय तरी सांगितलं असतं. त्या घरात खुटीला दोन फडकी टांगत्यात रातभर, त्याच्या खालनं तुमी झोपायला जात हुता, आन् तुमी वर बघितलं न्हाई कवा.

गप. आजून माझं व्हायचं हाय.

मला आता उमगतंय. मिरजेला दुसऱ्या दिशी तिनं डोळं उघडलं, तोंडाशी कान नेला तर म्हणाली, आबा, चक्का चांगला झाला हुता. एवढंच. मी म्हणलं, मरायला टेकली तरी पोरगी चक्क्याचंच बडबडती. तोंड फिरवलं मी. खोलीत तुमी हुता, पायथ्याला, तुमची आई हुती. तुमच्या म्होरं ती दुसरं काय बोलणार? जे मला एकट्याला कळंल ते बोलली. मला वरीस लागलं.

उठतोस कुठं रं? बस, बस. सुमलच्या आईनं मला मागनं सांगितलं हुतं, अंजना दिवाळीला आली तवा म्हणाली, पिऊन बसलेल्या माणसांत बशी घेऊन जायला बरं वाटत न्हाई, न्हाई म्हणलं की हे चिडत्यात. दोनदा मागून घेतला साहेबानं — बशी कुणी नेली? तिनंच न्हवं? तिसऱ्यांदा नेली न्हाई काय? त्यावरनं झालं? का आणिक कशावरनं? न्हाई, सांगू नकोस. तू सांगशील ते मला आता नको. एक सांगितलंस ते वरीसभर गिळलं मी.

फौजदाराकडं जाईन. आष्ट्याला जाईन, सांगलीला जाईन. तो मला इचारील, आजोबा, पुरावा काय? मी काय म्हणू — पालक आदल्या दिशी उकडत्यात म्हणून? हसतील. माझ्या हातात एक पालेभाजी हाय, दुसरं काय न्हाई, आन् तू शिकल्याला, कारखान्याचा हापिसर, मोठा साहेब तुझ्या पंगतीचा. त्यो म्हणंल मी तर खाल्लाच न्हाई कवा हिरवा चक्का. ठावं हाय मला. तरी बी जाईन. पण ते पुढचं. आत्ताचं आत्ता सांगतो.

सुमल मिळायची न्हाई. तात्याबा येऊ दे, गाव येऊ दे, जन्मभर घरात ऱ्हाऊ दे ती. बेबी बी हितंच ऱ्हाईल — नेऊन बघ. ए सुमलची आई, आत काय हुबी ऱ्हायलीस कानोसा घेत, त्यो नारळ उचल फळीवरनं. उचल म्हणतो न्हवं. आन् रडू नकोस, मी रडत न्हाई तवर रडायचं न्हाई.

आन् तू. बावीस वर्सं मेसमधी वाढलं मी. चोराला वाढलं, लाचखाऊला वाढलं, लढाईतल्या कैद्याला सुदीक वाढलं, पण वाढल्या ताटावरनं माणूस उठवला न्हाई कवा. त्यासारखं पाप न्हाई म्हणत्यात आमच्यात. असू दे.

ऊठ.

बघतोस काय? ऊठ ताटावरनं. भाकरी ठेव खाली. — हात? हात धुवायला ह्या घरात पाणी मिळायचं न्हाई. वाटंत वढा हाय.