आप्पा अजून ओले

गुहागरच्या एसटीच्या रांगेत माझ्यापुढे सून आणि सासरे उभे होते. सुनेच्या हातात सासऱ्यांचं तैलचित्र होतं.

“आप्पा, टेकू नका, शर्टाला रंग लागेल.”

“दोन महिने झाले की गो! अजून ओला कसा मी?”

“चित्रकलेच्या क्लासचे सर म्हणाले, रंगात तेल घाला. मी घरातलं खोबरेल घातलं. लागतं जवसाचं, ते वाळतं.”

“आणि खोबरेल?”

“ते कधीच वाळत नाही म्हणे. हसताय काय? तुमच्या पंचाहत्तरीला फ्रेम करून लावणार होते मी.”

“म्हणजे आता भिंतीवर नाही?”

“ओलं कसं लावणार?”

“बरं झालं! आपल्या भिंतीवर जो चढला, त्याला हार पडला. मालिनी, दुसरं काढशील तेव्हाही खोबरेलच घाल हो.”